घरच्याला हात लावायचा नाही

दातांचे डॉक्टर मालिशसाठी दवाखान्यात आले तेव्हा आई मावशीची बोलणी खात होती. टॉवेलांच्या घड्यांची कड बाहेर दिसत होती, आणि मावशीला ती दिसलेली चालत नसे. आईचं म्हणणं, इथे येणारी माणसं पालथी पडतात, त्यांना फक्त जमीन दिसते, कड कोण बघतंय? मावशी म्हणाली, मी बघते. विषय संपला. सगळ्या घड्या मोडून पुन्हा घातल्या गेल्या.

डॉक्टरांची मान बऱ्याच वर्षांपासून डावीकडे कललेली होती. लोकांच्या तोंडात वाकून बघण्यात आयुष्य गेलेला माणूस. रस्त्यात समोरून आले तरी आपल्या अक्कलदाढेचा अंदाज घेताहेत असं वाटायचं. आई त्यांच्या मानेवर कित्येक महिने काम करत होती. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी मान पुन्हा होती तिथे.

आई नेहमीसारखी त्यांच्या डोक्याशी बसली आणि मान आणि खांद्याच्या मधली ती ताणलेली दोरी तिनं अंगठ्याखाली घेतली. तिची मुलगी, धाकटी, शेजारी उभी होती, तेलाची बाटली कोमट पाण्यात धरून. तिला घरात, दवाखान्यात, सगळीकडे धाकटीच म्हणायचे. चाळिशी लागली, चष्मा आला, तरी धाकटीच. तळपाय, पोटऱ्या, मांड्या, कंबर, पाठ हे सगळं तिच्या हातात केव्हाच आलं होतं. मान आली नव्हती. आजोबांनी घालून दिलेला क्रम पायापासून वर चढायचा, आणि वरची पायरी शिकवणाऱ्यानं स्वतः होऊन द्यायची, शिकणाऱ्यानं मागायची नाही. आजोबांनी आईला मान दिली तेव्हा ती विशीतही नव्हती. आईनं धाकटीला दिली नव्हती, आणि धाकटीनं मागितली नव्हती.

ती बघत होती. डॉक्टरांचे खांदे पुढे ओढलेले होते, छाती आत गेलेली. दिवसभर हात पुढे धरून धरून छातीचे स्नायू आखडून बसले होते, आणि पुढे झुकलेलं ते डोकं मागून एकटी मान सांभाळत होती. रडत होती मान, मारत होती छाती. धाकटीला हे पहिल्यांदा दिसलं त्याला बराच काळ लोटला होता. ती बोलली नव्हती.

मग आईनं हात काढला, स्वतःचा डावा खांदा चोळला आणि म्हणाली, “तू बघ जरा. माझा हात भरून आलाय.”

धाकटीनं बाटली ठेवली. डॉक्टरांना मानेला हात न लावता उताणं केलं. टॉवेलाची लांब गुंडाळी करून पाठीच्या कण्याखाली दिली, म्हणजे दोन्ही खांदे आपल्या वजनानं मागे पडतील. गळ्याच्या हाडाखाली तळहात नुसता टेकवला आणि थांबली. डॉक्टरांचा श्वास हाताखाली येऊ लागला तशी बोटं हळूहळू आत बुडू दिली, खांद्याच्या दिशेनं, अगदी सावकाश, लोणी कापायच्या घाईनं सुद्धा नाही. एक गाठ सापडली. ती तिनं दाबली नाही, धरून ठेवली. डॉक्टरांना हात हळूच डोक्याकडे न्यायला सांगितला. गाठ आधी अडून बसली, मग तिच्या बोटांखालून विरघळत निघून गेली.

पुढे दुसरी बाजू. मग तिनं त्यांना उठून बसवलं.

डॉक्टरांनी मान उजवीकडे वळवली. ती वळली. “अरेच्चा,” ते म्हणाले, “इकडे खिडकी आहे होय?”

ते गेल्यावर आईनं विचारलं, “हे तुला कधी सुचलं?”

“आत्ताच,” धाकटी म्हणाली.

आईनं तिच्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाली आणि नळाखाली हात धुवायला गेली. बराच वेळ धूत राहिली.

संध्याकाळी खांद्याचं ते भरून येणं काही जाईना, तेव्हा आईनं मामाला हाक मारली. मामा मागच्या खोलीत जोराच्या मालिशचं काम बघायचा. दारातून आत येताना त्याला खांदा तिरका करावा लागे, एवढा रुंद माणूस. त्याला त्याच्या दोन्ही बहिणी ‘छोट्या’ म्हणत. आई म्हणाली, छोट्या, डाव्या खांद्याच्या पात्याखाली जरा कोपर लाव, कालचा तो ट्रकवाला फारच जड होता. धाकटी पुढे झाली, मी बघते म्हणाली. आईनं मान हलवली. घरच्याला हात लावायचा नाही.

ही आजोबांचीच शिस्त. त्यांनी एकदा आजीची पाठ दाबायला घेतली होती. आजी मुकाट पडून राहिली, दुखतं म्हणाली नाही, कारण नवरा इतक्या हौसेनं करतोय, त्याला कसं सांगायचं? आणि आजोबा दाबत राहिले, कारण बायको काहीच म्हणत नाही म्हणजे बरं वाटत असणार. त्यानंतर आजीला कित्येक दिवस कुशीवर वळता येईना. तेव्हापासून नियम झाला. परकी माणसं टेबलावर खरं बोलतात, घरची बोलत नाहीत.

“मग मामा कोण?” धाकटीनं विचारलं.

“तो भाऊ आहे. मुलीचं वेगळं.”

“भाऊ काय भाड्यानं आणलाय?” मावशी बाहेरच्या खोलीतून म्हणाली. पण आई पालथी पडलीही होती, आणि मामानं कोपर लावलंही होतं. बऱ्याच वेळानं आई उठली, बरं वाटलं म्हणाली. घरी जाताना बसमध्ये तिनं आणि मावशीनं घड्यांचा विषय पुन्हा उकरून काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन माणसांच्या मधल्या वेळात, आई आपल्याच टेबलावर जरा आडवी झाली. चष्मा काढून खुर्चीवर ठेवला, चपला टेबलाखाली जोडीनं लावल्या. पुढची बाई आली तेव्हा धाकटी तिला उठवायला गेली. तिनं पायाला हात लावला. त्या घरात कुणालाही उठवायचं तर पायालाच हात लावायचे. आणि धाकटीला कळलं. तिच्या हातांना आधी कळलं, मग तिला.

बोलावून आणलेले डॉक्टर म्हणाले, हृदय. खांदा नव्हताच.

*

त्यानंतर घरात माणसं इतकी येत-जात राहिली की घरच्यांना आपसात बोलायला जागाच उरली नाही. शेवटी दादा म्हणाला, चला, दवाखान्यात बसू. तिथे कुणी येणार नाही. मावशीनं किल्ली घेतली. चौघं निघाले.

दादा म्हणजे धाकटीचा मोठा भाऊ. दुसऱ्या शहरात लिफ्टच्या कंपनीत देखभाल खात्याचा प्रमुख. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट एक तर चालू दिसायची, नाही तर बंद, आणि बंद दिसली की तो अस्वस्थ व्हायचा. मनानं फार चांगला. आई गेल्याचं कळल्यापासून तो सतत काही ना काही दुरुस्त करत होता: स्वयंपाकघरातला नळ, मावशीच्या खोलीची कडी. रडला होता तोही एका पान्याला धरूनच.

आईच्या खोलीत ते शिरले. टेबलावरची चादर कुणीतरी काढली होती, फक्त काळी गादी आणि तोंडासाठीचं ते गोल भोक. मावशी तिच्या स्टुलावर बसली. दादा दाराला टेकला. मामा मात्र बसेना. दोन दिवसांपासून त्याची कंबर धरली होती, उजवीकडून असा वाकला होता की कुलपात अडकलेली किल्ली वाटावा. खुर्ची पुढे केली तर नको म्हणाला, भिंतीला हात लावून उभा राहिला.

दादानं सरळ मुद्द्याला हात घातला. त्याचं म्हणणं असं की हे आता बंद करावं. आई होती तोवर ठीक होतं. मामाचं वय झालं, मावशीचं झालं. धाकटीनं आपल्याकडे यावं. त्याच्या घराजवळ नवं इस्पितळ झालंय, तिथे अशा कामाची माणसं घेतात, गणवेश असतो, सुट्ट्या असतात. त्यानं चौकशी करून ठेवली होती.

मामा म्हणाला, बंदच करा. मी त्याच विचारानं आलोय.

हे मात्र कुणाला वाटलं नव्हतं. मावशी तर त्याच्याच भरवशावर आली होती. तिच्या मनात सगळा बेत ठरला होता: मामानं पुढच्या खोलीत यायचं, धाकटीनं त्याच्या हाताखाली राहायचं, आणि फोन, टॉवेल, वेळा सगळं तिचं तिच्याकडे. आई गेल्यापासून येणारे फोन तीच घेत होती, आणि एकालाही तिला खरं सांगता आलं नव्हतं. आईला सगळे अक्का म्हणत. अक्का या आठवड्यात नाहीत, असं मावशी सांगायची. तेही धड खोटं नव्हतं.

“छोट्या, तू बंद करून काय करणार आहेस?” ती म्हणाली. “बागेत बाकावर बसशील? दोन दिवसांत बाक मोडेल.”

“मला आता कुणाला हात लावायचा नाही.”

“का?”

“नाही म्हटलं ना.”

मग दादा मामाची बाजू घेऊन बोलू लागला, मावशी दोघांवर उखडली, आणि धाकटीचं काय करायचं यावर तिघांचं जुंपलं. तिला तिकडे करमेल का, इथे एकटीनं झेपेल का, लोक तिच्याकडे येतील का. आईनं तिला अजून मान दिली नव्हती, हे मावशीनंच काढलं. वाईट हेतूनं नाही, हिशेब मांडल्यासारखं. ज्या दवाखान्यात मान होत नाही त्या दवाखान्यात येणार कोण? धाकटी तिथेच, हाताच्या अंतरावर उभी होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं. तिची तक्रारही नव्हती. लहानपणापासून घरात तिच्याबद्दल असंच बोललं जायचं, मायेनं, तिच्या डोक्यावरून.

ती मामाकडे बघत होती. मामा बोलता बोलता वजन डाव्या पायावर टाकत होता, आणि उजवा गुडघा सरळ करतच नव्हता.

तिनं कपाटातून चादर काढली, टेबलावर घातली, चारही बाजूंनी ओढून सारखी केली. उशी आणली. एक दुसरी, लहान उशी.

“मामा, झोपा,” ती म्हणाली.

तिघंही तिच्याकडे वळले.

“घरच्याला हात लावायचा नाही,” मामा म्हणाला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता.

“तुम्हाला भिंत धरून घरी जायचंय का? भिंत बसमध्ये येणार नाही.”

मावशीला हसू आलं आणि तिनं ते तोंडातच ठेवलं. मामानं एकदा दादाकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. मग तो टेबलावर चढू लागला. ते चढणं बघवत नव्हतं. दादा धावला, धाकटीनं त्याला हातानं थांबवलं. मामा डाव्या कुशीवर पडला. तिनं गुडघ्यांमध्ये उशी दिली, लहान उशी कमरेखालच्या पोकळीत. मग विचारलं, पायात मुंग्या येतात का, खोकलं की कळ खाली उतरते का, रात्री झोपेतून उठवतं का, हलल्यावर कमी-जास्त होतं की काहीही केलं तरी तसंच राहतं? शेवटच्या प्रश्नाला तिचा आवाज जरा हळू झाला. मामानं एकेकाचं उत्तर दिलं. हलल्यावर बदलतं, तो म्हणाला. वळलं की जास्त, गुडघा पोटाशी घेतला की कमी.

“मग ठीक,” ती म्हणाली. “आणि खोटं बोलायचं नाही. दुखलं तर दुखलं म्हणायचं.”

तिनं तळहात त्याच्या पाठीवर ठेवला आणि तसाच राहू दिला. दादाला वाटलं ती विचार करतेय. मावशीला ठाऊक होतं, ती विचार करत नव्हती, वाट बघत होती. मामाचा श्वास छातीतच फिरत होता. बऱ्याच वेळानं एक श्वास खाली, तिच्या हातापर्यंत आला. मग तिनं सुरुवात केली, कमरेपासून नाही, पोटरीपासून. सपाट हातानं लांब, संथ ओढी. मग मांडीची बाहेरची बाजू, तळहाताच्या टाचेनं, कणीक मळावी तशी.

“दुखतंय वर,” मामा म्हणाला. “तू खाली काय करतेस?”

“दुखणं वर राहायला आलंय. त्याचं गाव खाली आहे.”

मावशी स्टूल घेऊन जवळ सरकली.

धाकटीनं कमरेच्या हाडाची कड बोटानं शोधली आणि तिच्याखाली, मागच्या मांसल भागाच्या वरच्या कोपऱ्यात कोपराचं सपाट अंग टेकवलं. टोक नाही. आपलं वजन तिनं थोडं थोडं सोडलं, जोर न लावता. तिथे एक ताणलेली तार होती, बोटाएवढी जाड. वर्षानुवर्षं टेबलाच्या एकाच बाजूला उभं राहून, एकाच पायावर रेटा देऊन ती झाली होती. मामाचं काम तसंच होतं: जोरात, एका बाजूनं, झटपट. लोक त्याच्याकडे त्यासाठीच यायचे आणि दुसऱ्या दिवशी अंगावरचे निळे डाग कौतुकानं दाखवायचे. आईला ते आवडत नसे. बोलायची मात्र नाही, भाऊ होता.

“बरं वाटतंय,” मामा म्हणाला.

“खोटं. तुमच्या पायाची बोटं वळलीत.”

“थोडं दुखतंय.”

तिनं थोडं वजन काढून घेतलं. “आता?”

“आता... हां. आता नुसतं कळतंय.”

“इथेच राहते. तुम्ही काही करू नका.”

ती राहिली. हे शिकवता येत नाही असं आई म्हणायची, आणि तरी रोज शिकवायची. गाठीशी भांडायचं नाही. तिला फक्त समजलं पाहिजे की आपण आलोय आणि आपल्याला घाई नाही. धाकटीनं मामाला गुडघा तिच्या हातावर अगदी हलकेच रेटायला सांगितलं, चिमणी उडवण्याएवढ्या जोरानं. मग सोडायला सांगितलं. पुन्हा रेटा, पुन्हा सोडा. तिसऱ्यांदा सोडल्यावर कोपराखालची तार आपण होऊन सैल झाली, आणि मामाचा उजवा पाय त्याच्या नकळत लांब झाला.

दादा दार सोडून आत आला होता. त्याला यंत्रातलं कळायचं. जॅम झालेली वस्तू न ठोकता सुटताना त्यानं फार वेळा पाहिली नव्हती.

“पालथे व्हा,” धाकटी म्हणाली.

मामा पालथा झाला, तेही एकट्यानं. त्याचं तोंड भोकात गेलं. ती पाठीवरून हात फिरवू लागली, कण्याच्या दोन्ही बाजूंना, हाड सोडून. आणि त्या भोकातून, जमिनीकडे तोंड करून, मामा बोलू लागला.

“अक्काची पाठ मऊ होती.”

मावशी स्टुलावर पुढे झुकली.

“त्या दिवशी. गाठच नव्हती पात्याखाली. मी शोधत होतो आणि सापडत नव्हती. म्हणून आणखी दाबलं. इथे का, म्हणालो, तर म्हणाली, नाही, आत. इथे? नाही, आणखी आत. आणि मी आत, आत करत बसलो. गाठ नाही आणि दुखतंय. एवढं आपल्याला येऊ नये? एखाद्या ट्रकवाल्याचं असतं तर मी त्याला हाकलला असता, डॉक्टरकडे जा म्हणून.”

मावशीनं पदर नाकाशी धरला. मग तो काढला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “ती बरं वाटलं म्हणाली ना?”

“म्हणाली.”

“मग. ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठी वाचत आली, आणि तिला स्वतःची कळली नाही. आपल्या घरात काहीही दुखलं की स्नायू. तुझ्या पोटात कळ आली होती लहानपणी, तर बाबा तुझी पोटरी चोळत होते. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. तू एकट्यानं घ्यायचं नाहीस हे. आपण सगळे तसलेच आहोत.”

“धाकटीच्या हाताला कळलं असतं,” मामा म्हणाला.

धाकटीचे हात थांबले नाहीत. हा प्रश्न तिनं स्वतःला विचारून झाला होता, पुष्कळदा, आणि त्याचं सोपं उत्तर तिला मिळालं नव्हतं. ‘नाही’ म्हटलं असतं तर मामाला बरं वाटलं असतं. पण टेबलावर खोटं बोलायचं नाही, हे तिनंच मघाशी सांगितलं होतं.

“माहीत नाही, मामा,” ती म्हणाली. “कदाचित कळलं असतं. कदाचित आईला बरं वाटावं म्हणून मीही दाबत बसले असते. यापुढे मात्र आपल्या दारात कुणी आलं की मी आधी विचारणार आहे. मघाशी तुम्हाला विचारलं तसं. गाठ नाही आणि दुखतंय, तर हात मागे.”

मामाच्या पाठीतून एक लांब हुंदका गेला. तो तिच्या तळहाताखालून जाताना तिला कळला. तिनं हात उचलला नाही, दाबलाही नाही. तो जाऊ दिला. जमिनीवर, भोकाच्या बरोबर खाली, दोन-तीन थेंब पडले, आणि मावशीनं कपाटातून एक टॉवेल काढून तिथे ठेवला. घडी न मोडता.

“आपल्या दारात, म्हणाली,” मावशी कुणालाच उद्देशून नाही अशी बोलली.

“ऐकलं मी,” दादा म्हणाला.

मामा उठून बसला तेव्हा चेहऱ्यावर भोकाच्या कडेचा गोल वळ उमटला होता. तो उभा राहिला. एकदा वाकून पाहिलं, एकदा वळून. “गेली,” म्हणाला, जणू कुणीतरी नको असलेली पाहुणी गेली. आणि मग थोडा वेळ आपल्या दोन्ही पंजांकडे बघत राहिला.

“मी मागच्या खोलीत येईन,” तो म्हणाला. “हळू हात शिकवणार असशील तर.”

“या वयात?” मावशी म्हणाली.

“पोटरीपासून सुरू करेन. क्रमानं.”

म्हणजे मामा फुटला, आणि मावशी तर केव्हाच इकडे आली होती; उद्या फोनवर काय सांगायचं याचे शब्द ती ओठांत जुळवू लागली होती. दादा एकटा पडला. पण तो हट्टाला पेटणारा माणूस नव्हता. त्याला खरोखरची काळजी होती, आणि ती त्यानं मांडली. तो बहिणीकडे वळला, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याशी तिच्याबद्दल बोललं.

“हे बघ, मामाची कंबर सोडलीस, मी पाहिलं. पण आई तुला इतकी वर्षं बघत होती. आणि तिनं तुला मान दिली नाही. काहीतरी कारण असेल ना? आईला वाटत नव्हतं तू तयार आहेस, आणि आपण आज तुला इथे बसवायचं, हे बरोबर आहे का? आईच्या मनात नसेल तर?”

प्रश्न रास्त होता. मावशीही धाकटीकडे बघू लागली, मामाही. सगळ्यांना वाटलं ती आता नेहमीसारखी म्हणेल, तुम्ही म्हणाल तसं. ती घरात तेच म्हणायची. जेवायला काय करू, कुठल्या रंगाचं घेऊ, कुठे जाऊ, सगळ्याला तेच. पुस्तकात डोकं घालून, वर न बघता.

धाकटीनं नळाखाली हात धुतले. पुसले. खिडकी उघडली, खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कुणीतरी त्याला ओरडून दिशा सांगत होतं. ती टेबलाच्या डोक्याशी आली, जिथे आई बसायची, आणि आईच्या खुर्चीत बसली. खुर्ची तिच्या उंचीला कमी पडत होती. तिनं खालची कळ दाबून ती वर घेतली.

“मला मान येते,” ती म्हणाली. “आईनं दिली नाही, पण येते. तिच्यामागे उभी राहून आली. बरीच वर्षं झाली.”

“ते ठीक आहे, पण आई...”

“दादा, मला बोलू दे.”

तो थांबला. मामाही सदऱ्याचं बटण लावता लावता थांबला.

“मला हे काम आईपेक्षा चांगलं येतं,” धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता, कापलाही नव्हता. “ती जिथे अडायची तिथे मला दिसायचं. मी बोलले नाही. तिला वाईट वाटेल असं मला वाटायचं, म्हणून मी बाजूला तेलाची बाटली धरून उभी राहायचे, आणि ती मला मान द्यायची वाट बघायची, आणि मला वाटतं तीसुद्धा मी मागायची वाट बघत होती. ही खोली मला हवी आहे. मी चालवणार आहे.” तिनं दोन्ही हात टेबलाच्या रिकाम्या गादीवर ठेवले, तळवे खाली. “हे तिला सांगायला हवं होतं मी. आधी ती मला ओरडली असती. मग तिनंच बाहेर जाऊन मावशीला कौतुकानं सांगितलं असतं, आणि त्यानंतर जो कुणी आला असता त्या प्रत्येकाला. तुझ्याहून मला चांगलं येतं, आई.”